ओझें आणि ओढ

वस्तु विकत घेतांना मनुष्य आपल्या रोजच्या आयुष्याकडे पाहत नाहीं. वर्षांतून चार वेळां येणाऱ्या सणाकडे पाहतो. पन्नास पानें उठतील एवढें पातेलें माळ्यावर असतें आणि रोजचा भात लहानशा भांड्यांत शिजतो. पाहुण्यांसाठीं घेतलेला पलंग वर्षभर वाळलेल्या कपड्यांचा ढीग वाहत असतो. या स्वभावाला आम्ही दोष देत नाहीं. पंगत दाराशीं आली असतांना घरांत पातेलें नसलें म्हणजे काय होतें, हें ज्या गृहिणीनें अनुभवलें आहे तिला रोजच्या भाताचा युक्तिवाद सांगण्यांत अर्थ नसतो. परंतु पातेलें निदान माळ्यावर ठेवतां येतें. जी वस्तु सणालाहि पाहिजे आणि रोजहि वापरावयाची, तिची निवड करूं लागलें म्हणजे मनुष्याची खरी परीक्षा होते. गेल्या वर्षीं ही परीक्षा आमच्यावर आली ती एका वापरलेल्या मोटारीच्या रूपानें.

आम्ही राहतों तें डेन्व्हर शहर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर वसलेलें आहे. उन्हाळा लागला कीं येथील मंडळी डोंगराकडे धांव घेतात, आणि पुष्कळजण आपलें बिऱ्हाड मोटारीच्या मागें जोडून नेतात. हें बिऱ्हाड म्हणजे चाकांवरची एक लांबट खोली. तिच्यांत निजण्याच्या जागा, शेगडी, पाण्याची टांकी आणि अंग चोरून स्नान करतां येईल एवढी मोरी, सारें असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों. येथें तें शेपटीला असतें, एवढाच फरक. मुलांच्या आग्रहानें आणि डोंगरांतील हॉटेलांच्या दरांच्या धाकानें आम्हींहि असा एक ट्रेलर घेण्याचें ठरविलें.

तो ओढावयाचा तर साधी मोटार उपयोगाची नाहीं. ट्रकासारख्या भक्कम सांगाड्यावर बांधलेली, आसनांच्या तीन रांगा असलेली, जिला येथें पूर्ण आकाराची एस्‌यूव्ही म्हणतात, ती गाडी पाहिजे. शेव्हरोलेची सबर्बन या कुळांतील आजीबाई. तिचें नांव १९३५ पासून चालत आलें आहे. तिचें धाकटें भावंड टाहो, फोर्डची एक्स्पिडिशन, टोयोटाची सेकोया आणि निसानची आर्माडा हीं त्याच कुळांतलीं पुढचीं नांवें. नवी घेऊं जावें तर किंमत साठ हजार डॉलरांच्या आसपास सुरू होते, आणि गाडी दुकानाबाहेर पडली कीं ती उतरूं लागते. तेव्हां पांच-सात वर्षें दुसऱ्यानें वापरलेली गाडी घ्यावी, हा मध्यमवर्गीय शहाणपणा येथेंहि रूढ आहे.

या बाजारांत पाऊल ठेवलें कीं एकच आंकडा चोहोंकडून कानांवर येतो: ही गाडी किती ओढते? २०१५ ते २०२० या पिढींतील टाहो आणि सबर्बन योग्य साहित्यासह ८,००० पौंडांवर ओढतात. २०१७ नंतरची आर्माडा ८,५०० ओढते, आणि २०१८ पासूनची एक्स्पिडिशन ओढकामाचें खास साहित्य असल्यास ९,००० च्याहि वर जाते. २०२२ पर्यंतच्या पिढींतील शेवटच्या कांहीं वर्षांची सेकोया ७,००० च्या किंचित् वर थांबते. पूर्वीं प्रत्येक कारखाना हा आंकडा आपल्याच मापानें ठरवीत असे. पुढें मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें जे-२८०७ या नांवाची सामायिक कसोटी घातली. तिच्यांत ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें अकरा मैलांचा चढ भर उन्हाळ्याच्या उष्म्यांत, ठरलेल्या वेगाखालीं न जातां चढून दाखवावा लागतो. २०११ च्या सुमारास टोयोटानें ही कसोटी प्रथम पत्करली आणि बाकीचे कारखाने मागाहून आले. त्यामुळें हे आंकडे आतां एकमेकांशीं ताडून पाहतां येतात, हें खरें. परंतु जो आंकडा मोठ्यानें सांगितला जातो तोच आपल्या कामाचा असतो असें नाहीं.

ज्यांनीं बैलगाडी भरतांना पाहिली आहे त्यांना यांतलें मर्म चटकन् कळेल. ओझें मागें अधिक पडलें कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. तेंच ओझें पुढें अधिक झालें तर जूं मानेला काचूं लागतें. जाणता गाडीवान पोतीं अशीं रचतो कीं जुंवावर थोडें वजन राहावें, पण बैलाची मान दबूं नये. ट्रेलरचेंहि तसेंच आहे. त्याच्या एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार पुढल्या दांड्यानें मोटारीच्या मागल्या अंगावर टेकला पाहिजे. भार कमी पडला तर ट्रेलर वेगांत शेपटीसारखा डोलूं लागतो आणि प्रसंगीं पुढच्या मोटारीलाहि फरफटत नेतो. भार अधिक झाला तर मोटारीची मागली बाजू खालीं बसते आणि पुढल्या चाकांची रस्त्यावरची पकड ढिली होते. म्हणजे ज्या वजनाला आपण ओढण्याचें वजन म्हणतों त्याचा एक हिस्सा वास्तविक वाहण्याचा असतो. आणि वाहण्याची मर्यादा निराळी आहे.

ती मर्यादा जाहिरातींत सांपडत नाहीं. चालकाचें दार उघडलें म्हणजे चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली दिसते. माणसें आणि सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक भार या गाडींत कधींहि घालूं नये, असें तिच्यावर छापलेलें असतें. एकाच नांवाच्या, एकाच सालच्या दोन गाड्यांतहि हा आंकडा सारखा नसतो. एकीला कांचेचें छप्पर, चारी चाकांना शक्ति पुरविणारी यंत्रणा, विजेवर मिटणारीं आसनें असें ऐश्वर्य दिलेलें असतें; तें ऐश्वर्य तिच्याच अंगावरचें ओझें होतें आणि तितकेंच तिचें वाहण्याचें बळ घटतें. सालंकृत गाडी साध्या गाडीपेक्षां कमी भार उचलते, ही गोष्ट कोणी विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं.

आम्हीं पाहिलेल्या एका गाडीच्या चिठ्ठीवर १,५८० पौंड हा आंकडा होता. तिची ओढण्याची मर्यादा ८,००० पौंड, आणि आमच्या मनांतला ट्रेलर सामानानें भरल्यावर ५,५०० चा. अडीच हजार पौंड हातचे राहतात, असें विक्रेत्यानें मोठ्या उत्साहानें सांगितलें. त्याच रात्रीं जेवणाच्या टेबलावर आम्हीं हिशेब मांडला. दांड्याचा भार शेंकडा १३ धरला तर ७१५ पौंड. जोडणीच्या लोखंडाचे ९०. आम्ही उभयतां, दोन मुलें आणि पुण्याहून आलेली आई, अशा पांच जणांचे मिळून ६३०. कपडे, खाण्याचे डबे, बर्फाची पेटी आणि मुलांच्या सायकली यांचे १५०. बेरीज १,५८५. अडीच हजारांची शिल्लक सांगणारी गाडी पांच पौंडांनीं कर्जबाजारी निघाली. आईच्या लोणच्याच्या बरणीचें वजन त्यांत धरलेलें नव्हतें.

हा हिशेब केवळ कागदी काटेकोरपणा वाटेल, म्हणून आमच्या रस्त्याविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यांतून पर्वताची मुख्य धार ओलांडतो. हा बोगदा १९७३ सालीं खुला झाला. त्याची उंची ११,००० फुटांहून अधिक आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ होते आणि माणसाप्रमाणें इंजिनालाहि धाप लागते. साधें इंजिन दर हजार फुटांमागें आपल्या शक्तीचा सुमारें शेंकडा तीन भाग गमावतें; बोगद्याशीं पोंचेपर्यंत समुद्रकांठच्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहींसा झालेला असतो. टर्बो असलेलें इंजिन हवा दाबून आंत घेतें, म्हणून त्याची हानि पुष्कळ कमी होते. समुद्रकांठच्या सपाटीवर राहणाऱ्या माणसानें आठ सिलिंडरांचें साधें, भरंवशाचें इंजिन पसंत केलें तर तो शहाणा ठरेल. डोंगराच्या माणसाचा शहाणपणा थोडा निराळा असावा लागतो.

आणि तरीहि चढ ही फार तर अभिमानाची गोष्ट आहे. गाडी हळू चालेल, मागचे लोक चिडतील, एवढेंच. उतार ही जिवाची गोष्ट आहे. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंत रस्ता शेंकडा सहा-सातच्या उतारानें मैलोन् मैल खालीं जातो. ब्रेक तापून निकामी झालेल्या मालमोटारींनीं घुसून थांबावें म्हणून बाजूला खडीनें भरलेल्या चढत्या वाटा केलेल्या आहेत. त्या वाटा पहिल्यानें पाहिल्या तेव्हां आम्हांला बोरघाट आठवला. कर्जतला आगगाडीच्या मागें जोड-इंजिनें लागतांना मुलें कौतुकानें खिडकींतून वांकून पाहतात. त्याच घाटांत, उतरणीवर ताबा सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठीं चढणीचे फांटे बांधलेले आहेत. त्यांच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ओढणाऱ्याचें कौतुक होतें. थोपविणाऱ्याची आठवण तो नसला म्हणजे होते.

म्हणून वापरलेली गाडी पाहतांना आम्ही पुढच्या इंजिनाइतकेंच थोपविण्याच्या साहित्याकडे पाहूं लागलों. कोलोरॅडोसह अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात, आणि ते विजेवर चालविणारी कळ मोटारींत लागते. गिअरच्या तेलाला थंड ठेवणारी जाळी, ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकना वीज पुरविणारी सात तारांची खुंटी, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्यें धरून ठेवणारी योजना, हें सारें कारखान्यांतूनच बसवून आलें असेल तर ती गाडी ओढण्याच्या कामासाठीं जन्मली असें समजावें. मागाहून कोणीं तरी नुसता हूक जोडलेली गाडी मागून अगदीं तशीच दिसते. हूक दोघींनाहि असतो. मागचा भार सांभाळण्याची तयारी एकीचीच असते.

एवढ्यावर निर्णय झाला असता. पण डोंगराचे दिवस वर्षांत फार तर वीस. उरलेले तीनशें पंचेचाळीस दिवस शाळेचे, कचेरीचे आणि वाण्याच्या दुकानाचे. सबर्बनची लांबी जवळजवळ पावणेएकोणीस फूट. आमचें गॅरेज वीस फूट. ती आंत उभी केली तर तिच्या पुढून जाण्यास कुशीवर वळावें लागे. एक्स्पिडिशनची लांबट जात सोडली तर ती साडेसतरा फुटांची, आणि टाहो सतरांची. पेट्रोल म्हणावें तर रिकाम्या गाडीला लिटरमागें सात-आठ किलोमीटर, आणि ट्रेलर लागला कीं चारांवर समाधान. मुलांचा प्रश्न तिसऱ्या रांगेचा होता. टाहो आणि सबर्बन यांच्या २०२० पर्यंतच्या पिढ्यांत मागचीं दोन्ही चाकें एका अखंड आंसानें जोडलेलीं असत. त्या आंसाला हालचालीस जागा हवी म्हणून वरची जमीन उंच येई, आणि तिसऱ्या रांगेंत बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीकडे जात. एक्स्पिडिशनमध्यें हीं चाकें निरनिराळीं टांगलेलीं असल्यामुळें पाय सोडून बसतां येतें. जमिनीखालच्या एका लोखंडी दांड्यावर घरांतील भांडण अवलंबून असावें, ही गोष्ट आम्हांला तोंवर ठाऊक नव्हती.

आईला आम्हीं प्रत्येक गाडीपाशीं नेलें. तिनें इंजिनाची चौकशी केली नाहीं. चढावयाची पायरी किती खालीं आहे आणि धरावयाला मूठ कोठें आहे, एवढेंच तिनें पाहिलें. एका गाडीसमोर क्षणभर उभी राहून ती म्हणाली, “अरे, ही गाडी नव्हे, माडी आहे!” ती गाडी आम्हीं यादींतून काढून टाकली. वर्षांतले वीस दिवस ट्रेलर ओढणाऱ्या गाडींत सहा महिने आईला देवळांत आणि डॉक्टरांकडे न्यावयाचें होतें.

गाडी कोणती हें ठरलें, तरी नेमकी कोणती हा प्रश्न उरतोच, आणि वापरलेल्या गाड्यांच्या बाजारांत तोच सर्वांत कठीण आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं याच बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकन बोलींत फसव्या निघालेल्या मोटारीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. ॲकरलॉफ यांचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयानें पाहतो आणि मधला भाव देतो. त्या भावांत चांगली गाडी विकणें परवडत नाहीं, म्हणून चांगल्या गाड्या बाजारांतून हळूहळू निघून जातात आणि लिंबें तेवढीं उरतात. या विचारासाठीं त्यांना २००१ सालीं आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. १९८५ पासून येथील व्यापाऱ्यांना विक्रीच्या प्रत्येक वापरलेल्या गाडीच्या कांचेवर एक सरकारी कागद लावावा लागतो. गाडीची हमी आहे, कीं ती ‘जशी आहे तशी’ घ्यावयाची, हें त्यावर स्पष्ट लिहावें लागतें. कागदानें फसवणूक थांबत नाहीं. पण निदान घेणाऱ्याला सावध व्हावयास वेळ मिळतो.

बाकीचें सावधपण आपलें आपण शिकावें लागतें. गाडीच्या सतरा अक्षरांच्या क्रमांकावरून कारखान्यानें दुरुस्तीसाठीं परत बोलावलेलें काम राहिलें आहे काय, हें सरकारी नोंदींत फुकट पाहतां येतें. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक त्याच्या जन्माचा आठवडा आणि साल सांगतात. इंजिन थंड असतांनाच सुरू करून कान द्यावा, कारण तापलेलें इंजिन पुष्कळ दुखणीं लपवितें. हूक बसविण्याच्या चौकोनी नळींत बोट घालून पाहावें. एका दुकानांत आम्हांला छातीवर हात ठेवून सांगण्यांत आलें कीं, या गाडीनें आजवर कांहींहि ओढलेलें नाहीं. त्या नळीच्या आंतला रंग पार झिजून लोखंड आरशासारखें चकाकत होतें. आम्ही त्या विक्रेत्याला खोटा म्हणत नाहीं. कदाचित् त्यालाहि कोणीं तसेंच सांगितलें असेल. ॲकरलॉफ यांची सारी गोष्ट तेवढीच आहे.

शेवटीं जी गाडी आमच्या दारांत आली तिचा दोष मात्र शंभर पावलांवरून दिसत होता. डेन्व्हरच्या भागांत उन्हाळ्याच्या तोंडीं गारांचीं भयंकर वादळें होतात. ८ मे २०१७ च्या एकाच गारपिटीनें दोन अब्ज डॉलरांच्या वर नुकसान केलें. अशाच एका मागाहूनच्या वादळांत सांपडलेली २०१८ सालची एक्स्पिडिशन आम्हांला मिळाली. ओढकामाचें सारें साहित्य कारखान्याचें, चिठ्ठीवर १,६९० पौंड, कागदांवर मोडीत निघाल्याचा शिक्का नाहीं. पण छप्पर आणि पुढचें झांकण देवीच्या वणांनीं भरलेल्या चेहऱ्यासारखें. आमच्याच पैशानें, आमच्याच पसंतीच्या कारागिराकडून आम्हीं ती वर उचलून पाहविली. सांगाडा कोरडा, गिअरचें तेल स्वच्छ, ब्रेक धड. वणांमुळें किंमत मात्र तीन हजार डॉलरांनीं खालीं आली होती.

घरांत कुरकुर झाली. शाळेच्या दारांत अशा गाडींतून कसें उतरावें, हा मुलीचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. त्या वयांत तो तसा नसतो. तिच्या आईनें तिला उत्तर दिलें तें असें: “जो दोष दिसतो त्याचा भाव ठरवतां येतो. चकचकीत गाडींतला दोष आपल्याला घाटांत कळला असता.” नोबेल पारितोषिकाचा निबंध जेवणाच्या टेबलावर एवढ्या थोडक्यांत मांडलेला आम्हीं प्रथमच ऐकला.

मोटार मिळाली तरी एक गोष्ट आम्हीं सोडली: तो ५,५०० पौंडांचा ट्रेलर. मोठ्या बिऱ्हाडासाठीं आणखी मोठी गाडी घेतां आली असती. त्या वाटेला अंत नाहीं, आणि येथील पुष्कळ अंगणांत तिचे पुरावे उभे आहेत. भरल्यावर ४,८०० चा होईल असा लहान ट्रेलर आम्हीं पाहिला. एक पलंग कमी झाला. बेरीज पुन्हां मांडली तेव्हां दांड्याचे ६२४ धरून ती १,४९४ झाली, आणि जवळजवळ दोनशें पौंड शिल्लक राहिले. संसारांतहि मनुष्य पहिल्यानें आपण किती ओढूं शकूं याचाच अंदाज बांधतो: घराचे हप्ते, मुलांचीं शिक्षणें, गांवाकडच्या जबाबदाऱ्या, सारें मागें जोडून निघतो. चढावर त्याचें कौतुक होतें. उतार लागल्यावर थांबतां येईल इतकें बळ त्यानें राखून ठेवलें आहे काय, हें विचारणारे थोडे. आमच्या शिलकेंतले दोनशें पौंड तसेच ठेवावे असा आमचा निश्चय आहे. आईनें मात्र त्यांत कैरीच्या लोणच्याची एक बरणी आतांच जमा करून टाकली आहे.